कॉलेजचं भाषा केंद्र आणि बदलतं तंत्रज्ञान: बेळगाव सीमाभागातल्या कॉलेजांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या पीयू (अकरावी-बारावी) आणि डिग्री कॉलेजांमधले प्राचार्य, भाषेचे प्राध्यापक, लॅब असिस्टंट आणि विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं सोयीप्रमाणे कुठूनही वाचावीत.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मग लँग्वेज लॅब कशाला?

रेकॉर्डिंग ऐकायला, शब्दाचा उच्चार बघायला, व्याकरणाचे सराव सोडवायला लॅब लागत नाही, हे आधी मान्य करून टाकावं. एवढ्यासाठीच चाललेली लॅब ओस पडते आणि पडायलाच हवी. पण तीन गोष्टी मोबाइल देत नाही. पहिली, शांत जागा. वडगाव-शहापूरच्या दोन खोल्यांच्या घरात किंवा खानापूरच्या एसटीत बसून मोठ्यानं इंग्रजी बोलायची सोय नसते, धीर तर त्याहून नसतो. दुसरी, ऐकणारा जाणता कान. 'तुझं वाक्य बरोबर आहे, पण शेवट गिळतोस' हे सांगणारं माणूस. तिसरी, बोलायला जोडीदार. मराठी माध्यमातून आलेली मुलगी आणि कन्नड माध्यमातून आलेला मुलगा एकाच वर्गात बसतात, पण वर्षभर एकमेकांशी चार वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. त्यांना एका टेबलावर आणणं हे आता केंद्राचं मुख्य काम आहे. संगणक त्याच्या मदतीला.

जुन्या टेपच्या लॅब कुठे गेल्या? तीच गत आताच्या लॅबची होणार नाही कशावरून?

1957 मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत 1958 मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला, त्यातून शाळा-कॉलेजांना पैसा मिळाला आणि हजारो टेप-लॅब उभ्या राहिल्या. पद्धत एकच: ऐका, म्हणा, पुन्हा म्हणा. 1970 च्या दशकात त्यातल्या बऱ्याच धूळ खात पडल्या. कारणं यंत्रात कमी आणि वापरात जास्त होती. अर्थ नसलेली घोकंपट्टी मुलांना कंटाळवाणी वाटली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं नाही आणि बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायला कुणी नव्हतं. आपल्याकडच्या कॅसेट-सीडीच्या लॅबही याच तीन कारणांनी बंद पडल्या. तेव्हा 'होणार नाही कशावरून' याला खात्रीचं उत्तर नाही. दुरुस्तीची तरतूद, शिक्षकाचे राखीव तास आणि अर्थपूर्ण काम या तिन्हींपैकी एकही नसेल तर यंत्र कितीही नवं असलं तरी तेच होणार.

नवीन केंद्र करायचं आहे. किती संगणक, किती मोठी खोली?

साठ जणांचा वर्ग असेल तर साठ संगणक मागू नका. वीस जागा पुरतात, आणि वर्गाच्या तीन तुकड्या करा. शिक्षकाला एका तासात वीसच जणांचं बोलणं नीट ऐकता येतं, तेही ओढूनताणून. संगणकाच्या वीस जागांबरोबर दहा जणांचं एक गोल किंवा आयताकृती टेबल ठेवा. एवढ्याला 800 चौरस फूट, म्हणजे साधारण 20 बाय 40 ची खोली, आरामात पुरते.

जागांमधली विभाजनं टेबलाच्या वर 45 सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. उंच केली की मूल लपतं, शिक्षकाला तोंडाची हालचाल दिसत नाही, आणि उच्चाराचं शिकवणं तिथंच संपतं. पत्र्याच्या छताखाली केंद्र करू नका. खानापूर-जांबोटी पट्ट्यातला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की माइकला दुसरं काही ऐकू येत नाही. काँक्रीटचा स्लॅब, जाड पडदे आणि भिंतीवर एखादा सतरंजीसारखा जाड कपडा एवढ्यानं घुमणारा आवाज बऱ्यापैकी खाली येतो. टाळी वाजवून बघा: टाळीनंतर खणखण मागे रेंगाळत असेल तर अजून काम बाकी आहे.

वीस संगणक, सर्व्हर आणि शिक्षकाचा संगणक धरून नेटवर्कचा 24 पोर्टचा एक स्विच बसतो. तीस जागा केल्यात तर दोन स्विच लागतील. कोटेशनमध्ये हे बहुधा विसरलेलं असतं. वायफायवर वर्ग चालवू नका, तार टाका.

हेडसेट कुठला घ्यावा?

यूएसबी, कानाभोवती बसणारा, माइकची दांडी हलवता येणारा. 1,000 ते 2,000 रुपयांत चांगला मिळतो. साध्या 3.5 मिलिमीटर पिनचे घेतले तर एक घोळ ठरलेला. जुन्या डेस्कटॉपला माइकचं गुलाबी आणि कानाचं हिरवं अशी दोन छिद्रं असतात. मोबाइलच्या हेडसेटला चार पट्ट्यांची एकच पिन असते. ती हिरव्या छिद्रात लावली की ऐकू येतं, पण माइक मुका राहतो. मग 'संगणक खराब' अशी तक्रार येते. यासाठी एका पिनचे दोन करणारा छोटा जोड लागतो. यूएसबीत ही भानगडच नाही, कारण त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं.

वीस जागांना चोवीस हेडसेट घ्या. एका वर्षात चार-पाच जातातच, आणि ते बहुतेक वेळा पिनपाशी तुटतात. वायर टेबलाला एका क्लिपनं अडकवली तर ओढ पिनपर्यंत पोचत नाही. दुसऱ्याच्या कानाला लावलेला स्पंज आपल्या कानाला लावायला मुलांना नको वाटतं, आणि ते रास्त आहे: जास्तीचे स्पंज ठेवा, आठवड्याला पुसून घ्या.

माइक तोंडासमोर नको. ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर, जरा बाजूला. समोर ठेवला तर 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर बसते आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज येतो.

रेकॉर्डिंगमध्ये सतत 'घूं' असा आवाज येतो.

अर्थिंग तपासा. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. ती माइकच्या तारेत शिरली की हाच आवाज. आधी हेडसेट दुसऱ्या संगणकावर लावून बघा. तिथंही तोच आवाज असेल तर हेडसेट, नसेल तर संगणक किंवा त्याचा प्लग. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून रेकॉर्ड करा. 'घूं' गेलं तर दोष अर्थिंगचाच. इलेक्ट्रिशियनला बोलवा, सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शननं झाकू नका. तो आवाज जाईल, पण त्याबरोबर 'स' आणि 'श' मधला फरकही जाईल.

लाइट गेली की वर्ग बंद. काय करायचं?

हिशोब करा. छोटा संगणक आणि स्क्रीन मिळून 60 ते 80 वॅट खातात. वीस जागांना 1,600 वॅट, स्विच आणि सर्व्हर धरून 1,900 च्या आसपास. 3 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस हा भार कसाबसा सांभाळतो, 5 केव्हीएचा निवांत. किती वेळ चालेल हे यूपीएसच्या आकड्यावर नसून बॅटऱ्यांवर आहे. 12 व्होल्ट 26 अँपिअर-तासाच्या सोळा बॅटऱ्या म्हणजे जवळपास 5,000 वॅट-तास. तोटा आणि पूर्ण न उतरवण्याची मर्यादा धरून एवढ्या भारावर दीड तास मिळावा. एक तास निश्चित. लेझर प्रिंटर आणि पंखे या लाइनवर टाकू नका. प्रिंटर गरम होताना एकदम मोठा भार ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोडवर जातो.

इंटरनेट किती लागतं?

वाटतं तेवढं नाही, जर फाइली आधी उतरवून ठेवल्या तर. तीस जण एकाच वेळी मध्यम दर्जाचा व्हिडिओ बघायला लागले तर 30 ते 45 एमबीपीएस जातात. तोच व्हिडिओ केंद्राच्या सर्व्हरवर ठेवला तर बाहेरच्या इंटरनेटची गरज शून्य. मूडल ही 2002 पासून चालत आलेली मोफत अभ्यास-प्रणाली साध्या संगणकावर, कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर चालते. घटक, ऑडिओ, चाचण्या सगळं त्यावर ठेवा.

जास्त अडचण येते ती अपलोडची. मुलांची रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये घेतली तर एका मिनिटाला पाच एमबीच्या वर जातात. साठ मुलांची प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे 950 एमबी. तीच 64 केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये घेतली तर 90 एमबीच्या आत बसतात आणि उच्चार ऐकायला काही कमी पडत नाही. उच्चाराचा बारीक अभ्यास करायचा असेल तरच वेव्ह ठेवा.

सॉफ्टवेअर विकत घ्यावं की मोफत चालेल?

रेकॉर्डिंगला ऑडासिटी, पाठांतराच्या कार्डांना आन्की, उच्चाराचा आलेख बघायला प्राट, घटकांसाठी मूडल. हे चारही मोफत. कंपन्यांची तयार पॅकेजं वाईट नसतात, पण सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: परवाना संपल्यावर मुलांची रेकॉर्डिंग आणि गुण आपल्याला परत मिळणार का, आणि आपण तयार केलेला मराठी किंवा कन्नड घटक त्यात घालता येतो का. दोन्हीला 'नाही' असेल तर तो पैसा हेडसेट आणि बॅटऱ्यांवर खर्च करावा.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कन्नड वाचता येतं, पण बोलता येत नाही. कसं शिकवायचं?

इथे मराठी मुलाला एक मोठा फायदा आहे, तो वापरा. वाक्याची बांधणी सारखी आहे: कर्ता, कर्म, क्रियापद. 'मला माहीत नाही' आणि 'ननगे गॊत्तिल्ला' यात 'मला'च्या जागी 'ननगे' बसतं. त्यामुळे इंग्रजीच्या पुस्तकातला नियमांचा क्रम कन्नडला लावू नका. पूर्ण वाक्यं ऐकवा, पूर्ण वाक्यं म्हणून घ्या, आणि त्यातला एकेक शब्द बदलत न्या.

कानाच्या सरावाला दोन गोष्टी निवडा. पहिली, ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ'. मराठीत हा फरक नाही, म्हणून मराठी कानाला तो ऐकूच येत नाही. 'कॊडु' (ऱ्हस्व 'ओ') म्हणजे दे, 'कोडु' (दीर्घ 'ओ') म्हणजे शिंग. दुसरी, जोड व्यंजन. 'हण' म्हणजे पैसा, 'हण्णु' म्हणजे फळ. दहा-दहा जोड्या रेकॉर्ड करा, उलटसुलट क्रमानं वाजवा आणि मुलांना फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' एवढंच म्हणायला सांगा. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत बोलायला लावू नका. जे कानाला वेगळं वाटत नाही ते जिभेवर वेगळं येत नाही.

मग स्थानिक बोली. ॲपमध्ये जे कन्नड असतं ते बहुतेक बेंगळूर-म्हैसूरकडचं. ॲप 'बन्नि' शिकवतं, आणि चिकोडीच्या बसस्टँडवर 'बर्रि' ऐकू येतं. 'काय हो'ला 'एन्री' ऐकू येतं. म्हणून केंद्राचं स्वतःचं रेकॉर्डिंग हवं: तहसील कार्यालय, दवाखाना, बस, बँक, इंटरव्ह्यू अशा पाच प्रसंगांवर कन्नड मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनी बोललेले दोन-दोन मिनिटांचे संवाद. पाठ्यपुस्तकी रूप आणि इथलं रूप दोन्ही ऐकवा, आणि कुठे कुठलं चालतं ते सांगा. राज्य सरकारच्या भरतीतल्या कन्नड परीक्षेत पुस्तकी रूप लागतं. चहाच्या टपरीवर नाही.

लिपीचं काय?

वर्णमालेचा क्रम तोच असल्यामुळे अक्षरं लवकर येतात. अडतं जोडाक्षरात. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन खाली लिहितात, आणि रफार तर अक्षराच्या उजवीकडे येतो. 'सूर्य' वाचताना मुलं हमखास अडखळतात. रफाराचे पंचवीस शब्द एका कागदावर द्या आणि रोज पाच मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या.

टायपिंगला इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड-मांडणी शिकवा. कारण साधं आहे: इनस्क्रिप्टमध्ये 'क' ची कळ मराठीत आणि कन्नडमध्ये तीच असते. हात एकदा बसला की दोन्ही लिपी. विंडोजमध्ये दोन्ही कीबोर्ड जोडून घ्या, आणि विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मराठीच्या 'ळ' ला शिफ्ट आणि एन, 'ऱ्य' मधल्या 'ऱ' ला शिफ्ट आणि जे. दिवसाला वीस मिनिटं दिली तर दीड-दोन महिन्यांत न बघता टाइप होतं. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय लागलेल्याला मात्र सुरुवातीला वैताग येतो, आणि तो येऊ द्यावा.

उलट, कन्नड मुलांना मराठी शिकायची असेल तर?

मागणी आहे, विशेषतः कोल्हापूर-सांगलीत नोकरी बघणाऱ्यांची. त्यांचं अडतं लिंगात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. मराठीत भिंत स्त्रीलिंगी, दगड पुल्लिंगी. यादी पाठ करून काही होत नाही. नाम सुटं शिकवू नका, विशेषणासकट शिकवा: 'मोठी भिंत', 'मोठा दगड', 'मोठं झाड'. मग 'च' आणि 'ज' चे दोन उच्चार. 'चहा' आणि 'चमचा' यांतला 'च' वेगळा, हे मराठी माणसाला कधी लक्षातही येत नाही. कन्नड विद्यार्थी विचारतो तेव्हाच कळतं.

जुन्या नोट्स उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात.

ती फाइल यूनिकोडच्या आधीच्या फाँटात आहे: मराठीत श्रीलिपी किंवा कृतिदेव, कन्नडमध्ये नुडी किंवा बरह. या फाँटांत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. एकच पान यूनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा आणि रफार, पहिली वेलांटी, 'ळ' आणि 'ऱ्य' तपासा. चुका याच चार ठिकाणी असतात. पान बरोबर आलं तरच बाकीची फाइल घाला. फाँटची नेमकी आवृत्ती चुकली तर अर्धी अक्षरं बरोबर येतात आणि अर्धी नाहीत, आणि ते जास्त धोक्याचं, कारण वरवर बघता बरोबर वाटतं.

उच्चार तपासणारं ॲप सगळ्यांनाच 40-50 गुण देतं. मुलं नाउमेद होतात.

आधी शिक्षकानं त्याच जागी, त्याच हेडसेटवर बोलून बघावं. शिक्षकालाही 50 मिळाले तर दोष विद्यार्थ्यात नाही. ऑडासिटीत दहा सेकंद रेकॉर्ड करून लाटेकडे बघा. लाटेचे माथे सपाट कापल्यासारखे दिसत असतील तर माइकची पातळी जास्त आहे. उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये माथे राहतील इतकी कमी करा. लाट रेषेसारखी बारीक असेल तर उलटं करा. शेजारच्याचा आवाजही शिरतो, म्हणून बोलण्याच्या सरावात एक जागा सोडून बसवा.

हे सगळं नीट करूनही गुण कमी येत असतील तर समजून घ्या की ॲप तुमच्या उच्चाराची तुलना अमेरिकन किंवा ब्रिटिश नमुन्याशी करतं. बेळगावच्या मुलानं लंडनच्या माणसासारखं बोलावं अशी कुणाची अपेक्षा नाही, निदान आमची तरी नाही. समोरच्याला कळलं पाहिजे. त्यासाठी दोनच गोष्टी धरा. शब्दावरचा जोर: 'रेकॉर्ड' हे नाम असताना जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापद असताना दुसऱ्यावर. मराठी बोलणारे सगळे अवयव सारखे तोलतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. आणि शब्दाचा शेवट: कन्नड मातृभाषेची मुलं शेवटी 'उ' जोडतात, 'बस्सु', 'प्लेसु', मराठी मुलं अनेकवचनाचा 'स' गिळतात. एवढं सुधारलं की इंटरव्ह्यूत काम होतं. गुणाचा आकडा मुलांना दाखवूच नका. कुठला शब्द अडला तेवढाच दाखवा.

मराठी बोललं की मोबाइल भलतंच लिहितो. आमची भाषा अशुद्ध आहे का?

नाही. 'काय करालास' हे बोलणाऱ्या लाखो लोकांचं मराठी आहे. ध्वनी ओळखणारं यंत्र ज्या नमुन्यांवर शिकलं त्यात वर्तमानपत्री मराठी जास्त आणि सीमाभागातली बोली नगण्य. त्यात आपण एका वाक्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी मिसळतो. यंत्राला भाषा एकच निवडायला सांगितलेली असते. प्रमाण मराठी लिहायला शिकवा, पण बोली सोडायला लावू नका. एक चांगला उपक्रम सांगतो: विद्यार्थ्यांनी बोलीतलं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, हातानं अक्षरशः उतरवायचं, मग यंत्रानं उतरवलेलं शेजारी ठेवायचं आणि फरकांवर खूण करायची. त्यातून व्याकरण जेवढं शिकून होतं तेवढं पाठ्यपुस्तकातल्या दोन धड्यांत होत नाही. मॉझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज जमा करणाऱ्या प्रकल्पात मराठी आहे. ज्यांना वाटतं त्यांनी तिथे आवाज दान करावा.

इंटरनेटशिवाय ध्वनी उतरवायचा असेल तर ओपनएआयनं 2022 मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर केंद्राच्या संगणकावरच चालतं. इंग्रजी चांगलं उतरवतं, मराठी आणि कन्नड बेताचं.

निबंध एआयनं लिहून आणतात. पकडायचं कसं?

पकडण्याच्या मागे लागू नका. एआयचं लिखाण ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध ही साधनं मोठ्या प्रमाणावर 'यंत्राचे' ठरवतात. ओपनएआयनंही आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी मागे घेतलं. आपली मुलं इंग्रजी सोपं आणि ठरावीक साच्यात लिहितात. संशय आधी त्यांच्यावरच येणार, आणि प्रामाणिक मुलावर आरोप होणार.

कामाची पद्धत बदला. पहिला मसुदा केंद्रात, हातानं, 30 मिनिटांत. मग हवं तर एआयकडून सूचना घ्या, पण कुठली सूचना स्वीकारली, कुठली नाकारली आणि का, हे समासात लिहा. शेवटी तीन मिनिटांची तोंडी: 'हा शब्द का वापरलास, दुसऱ्या परिच्छेदात काय म्हणायचं आहे?' वीस मुलांना एक तास लागतो. स्वतः लिहिलेल्याला तीन मिनिटं पुरत नाहीत. न लिहिलेल्याला तीन मिनिटं संपत नाहीत.

बोलण्याच्या सरावाला मात्र एआय उपयोगी आहे. त्याच्यासमोर लाज वाटत नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्याची भूमिका द्यावी, 'माझ्या चुका शेवटी सांग, मध्ये थांबवू नको' असं बजावावं, आणि दहा मिनिटांनी तोच इंटरव्ह्यू खऱ्या माणसासमोर द्यावा. दुसरा भाग गाळला तर पहिला वाया.

कन्नड परिपत्रकाचं मराठी भाषांतर मोबाइलवर केलं तर चालेल का?

काय आलंय हे कळण्यापुरतं चालेल. सही करायला, अर्ज भरायला, फलकावर लावायला नाही. गूगलनं 2017 मध्ये मराठी आणि कन्नडसाठी न्यूरल पद्धत आणल्यापासून भाषांतर सुधारलं. सरकारची 2022 ची भाषिणी आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची अनुवादिनी हीही साधनं आहेत. पण कन्नड-मराठी थेट नमुने कमी असल्यानं मजकूर अनेकदा इंग्रजीच्या वळणानं येतो. कन्नडमध्ये 'नीनु' आणि 'नीवु' वेगळे, मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे. मधल्या इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. परिणामी प्राचार्यांना 'तू अर्ज सादर कर' अशी नोटीस येऊ शकते. तारखा, रकमा, 'नाही' आणि 'खेरीज' हे शब्द मूळ कागदाशी ताडून बघा.

विद्यार्थ्यांचा आवाज साठवायला परवानगी लागते का?

लेखी घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती मूल मानली जाते आणि पालकांची संमती लागते. पीयू कॉलेजचे जवळपास सगळे विद्यार्थी आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षाचे काही जण यात येतात. फॉर्म कन्नड, मराठी आणि इंग्रजीत असावा, कारण वडिलांना नेमकी कुठली भाषा वाचता येईल हे आपल्याला माहीत नसतं. रेकॉर्डिंग सेमिस्टर संपल्यावर पुसायची तारीख त्यावर लिहा आणि खरंच पुसा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचं रेकॉर्डिंग टाकू नका, कौतुक म्हणूनसुद्धा.

केंद्रात कुणाला नेमायचं? लॅब असिस्टंट पुरेसा नाही का?

यंत्र सांभाळायला पुरेसा. पण आता कामं बदलली: कुठलं ॲप कुठल्या मुलाला द्यायचं ते ठरवणं, जोड्या लावणं, स्थानिक रेकॉर्डिंग करणं, इंग्रजी-मराठी-कन्नडच्या तिन्ही विभागांना एका वेळापत्रकात बसवणं. हे शिक्षकाचं काम आहे आणि त्याला आठवड्याचे किमान चार तास कार्यभारात मिळाले पाहिजेत. तासच दिले नाहीत तर चांगला माणूसही वर्षभरात किल्ली परत करतो. मदतीला तिसऱ्या वर्षाचे चार-पाच विद्यार्थी घ्या, दोन कन्नड आणि दोन मराठी तरी.

दुपारी चारनंतर केंद्रात कुणी येत नाही.

कारण गावची बस निघते. नंदगड, कणकुंबी, यमकनमर्डी अशा ठिकाणांहून येणाऱ्या मुलींना पुढची बस अंधारात मिळते आणि घरून परवानगी नसते. केंद्राचे तास सकाळी कॉलेज सुरू होण्याआधी आणि मधल्या मोकळ्या तासांत ठेवा. बसचं वेळापत्रक आधी समोर ठेवा, मग केंद्राचं बनवा.

नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) काय नोंदी ठेवायच्या?

कोण आलं, किती वेळ, काय केलं, एवढी वही रोज. त्याबरोबर सुरुवातीचं आणि सेमिस्टरअखेरचं प्रत्येकी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, त्याच विषयावर. खरेदीच्या बिलांची जाडजूड फाइल कुणाला काही सांगत नाही. ही दोन रेकॉर्डिंग सांगतात.

जर्मन, जपानी सुरू करावं का?

शिक्षक असेल तर. जर्मन परदेशी नर्सिंगसाठी आणि जपानी पुण्याच्या कंपन्यांसाठी विचारतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुणे हे तिचं केंद्र आहे. सर्वांत खालची पातळी एन-5. वेळापत्रक त्यावरून मागे मोजा. नुसत्या ॲपच्या भरवशावर वर्ग सुरू करू नका.

पावसाळ्यात आणि सुट्टीत केंद्र बंद ठेवताना काय करायचं?

हेडसेट प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. बाहेर टांगून ठेवले तर पिनांवर हिरवट गंज चढतो आणि जूनमध्ये अर्ध्या जागा मुक्या. यूपीएसच्या बॅटऱ्या पडून राहिल्या की आपोआप उतरतात. महिन्यातून एकदा यूपीएस पूर्ण दिवस लाइटवर ठेवा. सर्व्हरची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा. टेबलांखालच्या तारा उंदरांना फार आवडतात, म्हणून डब्यातला उरलेला खाऊ केंद्रात राहणार नाही एवढं बघा, आणि उघडल्यावर पहिला वर्ग घेण्याआधी प्रत्येक जागेवर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून वाजवून बघा.